रिकामा परत आलेला पेला

“डॉक्टर, ह्यांना विष घातलंय,” बायको दारातूनच म्हणाली. “घालणारी ही काय, माझ्या मागेच उभी आहे.”

मागे नवऱ्याची थोरली बहीण होती. घाईत तिने चपलाही घातल्या नव्हत्या.

अपघात विभागातल्या खाटेवर तिचा क्रेनचालक नवरा आखडला होता. दाढी करता करता कोसळलेला, एका गालावर साबण तसाच वाळलेला. डॉक्टरीणबाईंनी त्याला कुशीवर वळवलं, शिरेतून औषध दिलं. झटका ओसरला. तोंड पुसताना त्यांना दिसलं, जीभ चावलेली आणि हिरड्या फुगून निम्म्या दातांवर चढलेल्या.

“हिरड्या अशा कधीपासून?”

“लग्नात पाहिल्या तेव्हापासून,” बायको म्हणाली. “दोन वेळा दात घासतात हो. ते सोडा, पोलिसांना बोलवा.”

“आधी डोक्याचं स्कॅन. आत रक्तस्राव आहे की गाठ, ते कळायला हवं. झटका पहिल्यांदाच आला ना?”

“पहिल्यांदाच,” थोरली चटकन म्हणाली. प्रश्न तिला विचारलाच नव्हता.

स्कॅनच्या खोलीबाहेर एकाच बाकाच्या दोन टोकांना दोघी बसल्या. थोरलीचे ओठ देवाचं नाव घेत हलत होते. आत त्याला पुन्हा झटका आला. पुन्हा औषध दिलं, आणि मग वाट बघण्यापलीकडे कुणाच्याच हातात काही उरलं नाही.

चित्र आलं. रक्तस्राव नाही, गाठ नाही. मुगाएवढा एक पांढरा ठिपका तेवढा, आजूबाजूला सूज अजिबात नाही. कधीचीच सुकलेली खूण. इतकी वर्षं गप्प होती, मग आजच का जागी झाली?

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. “विष कशात घातलं म्हणता?”

“चहात. सोमवारी आम्ही वेगळी चूल मांडली. तरी वन्सं रोज सकाळी ह्यांच्यापुरता पेला पाठवतात. माझ्यासाठी नाही हं, ह्यांच्यापुरताच. तळाशी पांढरा गाळ असतो.”

“ते पितात?”

“पिऊ देईन होय? मोरीत ओतते. पेला विसळून परत पाठवते, उगाच शब्दाला शब्द नको.”

“ओतलास?” थोरली बाकावरून उठली.

“मग ते विष नव्हतं,” डॉक्टरीणबाई बायकोला म्हणाल्या. “सोमवारपासून त्या चहाचा थेंब त्यांच्या पोटात गेला नाही आणि झटका आज आला. म्हणजे जे रोज पोटात जायचं, ते थांबल्यानेच घात झाला. डोक्यातली खूण फार जुनी आहे, बहुधा लहानपणची. झटके तेव्हाच येऊन गेले असणार. झटक्यांची एक गोळी वर्षानुवर्षं घेतली की हिरड्या अशा फुगतात, आणि ती एकदम बंद झाली की दबलेला झटका उसळतो. तुम्हाला गोळीचा पत्ता नाही, बहुतेक त्यांनाही नाही. मग देत कोण होतं?”

थोरलीने पदर तोंडाला लावला. “पहिला झटका आला तेव्हा चार वर्षांचा होता बारक्या. आई नव्हती. मोठा झाल्यावर सांगू म्हटलं. मग नोकरी लागली. सांगितलं असतं तर क्रेनवर चढवलं असतं का कुणी? मग हिचं स्थळ आलं.”

“मला एका शब्दाने सांगायचं होतंत, वन्सं.”

“तू बोलत होतीस माझ्याशी?”

“आणि वर झटका आला असता तर?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “खाली माणसं असतात.”

“रोज देवाला तेवढंच मागत होते.”

बायको हलक्या आवाजात म्हणाली, “बरे होतील ना?”

“होतील. गोळी पुन्हा सुरू करू. पण क्रेन आता नाही. शुद्धीवर आले की मला त्यांना तसं सांगावंच लागेल.”

“दुसरं काही येत नाही हो त्याला,” थोरली म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी केसपेपरवर गोळीचं नाव लिहिलं.

स्कॅनच्या खोलीच्या पडद्यामागून जड आवाज आला. “ताई, साइटवर फोन कर गं. म्हणावं, दुपारच्या पाळीला येतो.”

थोरलीने फोन काढला, क्षणभर पाहिला आणि भावजयीपुढे धरला. तिने तो घेतला. नंबर मात्र दोघींपैकी कुणीच लावला नाही.