खारूताई सापडत नाही

खारूताई गेली हे सासूबाईंच्या टीव्हीनं सांगितलं. सकाळी त्या जुनी गाणी लावायला बसल्या, तर पडद्यावर आलं, 'खारूताई सापडत नाही.'

"जावईबापू," त्यांनी हाक मारली, "ही पुन्हा गेली हो."

खारूताई म्हणजे कपाटावरची काळी पेटी, घरातला सर्व्हर. गाणी, फोटो, बिलं, सगळं तिच्या पोटात. पेटी जावयाच्या बायकोनं बसवली होती. तिला काही म्हणून टाकवत नसे, म्हणून तो तिला खारूताई म्हणायचा. तेच नाव तिनं पेटीला दिलं. पुढे ती गेली आणि पेटी चालत राहिली.

कोपऱ्यावरच्या दुकानातली दुरुस्तीवाली आली. पेटी उघडून तिनं वास घेतला.

"जळलीय. पण डिस्क शाबूत आहे. नवी पेटी घेऊ, आतलं सगळं परत मिळेल." मग त्याच्या बोटांकडे बघून म्हणाली, "कणीक मळत होता?"

"प्लास्टर आहे. कवळ्या करतो मी."

"म्हणजे लोकांचं हसू तुमच्या हातात."

तो हसला. आणि लगेच चोरट्यासारखं सासूबाईंकडे पाहिलं.

डिस्कवरचं सगळं उतरवून घ्यायला वेळ लागतो म्हणून ती संध्याकाळी येत राहिली. ओल्या छत्रीसकट दारात उभी राहायची, केस कानामागे सारायची...

"डिस्क उतरवायला रोज दाढी करावी लागते वाटतं?" एकदा सासूबाईंनी विचारलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी नवी पेटी सुरू झाली आणि पडद्यावर तिनं स्वतःचं नाव विचारलं.

"हे होस्टनेम," दुरुस्तीवाली म्हणाली, "घरातली बाकीची यंत्रं तिला ज्या नावानं हाक मारतील ते. खाली डोमेन, म्हणजे आडनावच समजा. ते रिकामं राहिलं तरी चालतं. नाव जुनंच ठेवा. टीव्ही, प्रिंटर, सगळ्यांना कशाला नव्यानं शिकवायचं?"

दुपारभर तो दुसरंच नाव मनात घोळवत होता. लाज वाटून त्यानं मुकाट्यानं जुनंच भरलं.

मग स्वतःच्या लॅपटॉपवरून पेटी उघडायला गेला, तर लॅपटॉपनं अडवलं. 'या नावाचं यंत्र ओळखीचं आहे. पण हे ते नाही. कुणी सोंग घेतलेलं असू शकतं.'

त्याचा हात थांबला.

"नेहमीचंच आहे," ती म्हणाली. "जुनीची ओळख पुसा, की नवीला आत घेईल."

"ती... पुसवत नाही मला."

"खारूताई कोण?" तिनं हळूच विचारलं.

"माझी मुलगी," चहा घेऊन आलेल्या सासूबाई म्हणाल्या. "आणि ती असती तर म्हणाली असती, त्या बिचाऱ्या पेटीला माझं सोंग कशाला घ्यायला लावता?"

दुरुस्तीवालीची मान खाली गेली. "मला ठाऊक नव्हतं. आणि मीच म्हटलं, जुनंच ठेवा..."

"तुमचं काय चुकलं?" तो म्हणाला. "तुम्ही येणार म्हणून मी दाढी करायचो. मग आरशात बघायची लाज वाटायची."

ती पेचकस बोटांत फिरवत राहिली. "लाज मलाही आहे. डिस्क पहिल्याच दिवशी उतरून झाली होती. पुढचे सगळे फेरे... उगाच होते."

सासूबाईंनी बशी तिच्याकडे सरकवली.

"नाव नवं ठेवलं," ती बशी हातात घेत म्हणाली, "तर जुनी ओळख पुसावी लागत नाही. ती राहते तिथंच."

त्यानं मान वर केली. "मग तुमचं ठेवू?"

"छे. माझं मला हाक मारायला ठेवा."

"कपाट म्हणा," सासूबाई म्हणाल्या. "कपाटावरच तर बसते."

त्यानं 'कपाट' असं टाकलं. लॅपटॉपनं विचारलं, 'हे यंत्र नवं आहे, विश्वास ठेवायचा?' त्यानं 'हो' दाबलं, तेव्हा तिचा हात त्याच्या हाताशेजारी टेबलावर होता. त्यानं आपला काढून घेतला नाही.

"आणि आडनाव?" तिनं विचारलं.

"ते... बघू."

डोमेनची चौकट अजून रिकामी आहे. टीव्हीला नवं नाव सांगून झालं. प्रिंटर मात्र अजून खारूताईलाच शोधतो. त्याला सांगायचं राहिलंय.