तीन फुटांची खिडकी

चारोटीच्या नाक्यावर, चहाच्या टपरीत, एका माणसाने शाळेच्या नकाशावर चहाचा ग्लास ठेवलेला दिसला आणि स्वप्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, सरकारी नकाशा आहे तो! कुठून मिळाला तुम्हाला?"

"मीच काढलाय," तो हसून म्हणाला. "देवेश. आर्किटेक्ट. आणि तुम्ही...?"

"या कामावरची... ज्युनिअर इंजिनिअर," ती पुटपुटली आणि घाईत चहाचा घोट घेऊन तिने जीभ भाजून घेतली.

तलासरीकडच्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेची नवी शाळा जूनच्या आत उभी करून घ्यायची, हे स्वप्नाचं काम. मंगळवारी आणि शुक्रवारी ती तपासणीला जायची. देवेश तिथे असायचाच, पण एकटा कधीच नाही! शेजारी पहिलीला शिकवणाऱ्या, साइटला लागूनच राहणाऱ्या सुषमाबाई, आणि दोघांची हसाहशी. एकदा तर आपल्या पडवीत बाई त्याला ताडगोळा सोलून देत होत्या.

"घ्या ना मॅडम, कोवळा आहे."

"मला नाही आवडत," स्वप्ना म्हणाली. डहाणूत वाढलेली मुलगी, आणि म्हणे ताडगोळा आवडत नाही!

मग एका मंगळवारी देवेशने नवा कागद पुढे केला. "पहिलीची पोरं जमिनीवर बसतात. खिडकी तीन फुटांवर घेतली तर त्यांना नुसतं आभाळ दिसेल. दीड फुटांवर घेऊ, जाळी लावू. शेत दिसेल, कामावर निघालेली आई दिसेल..."

"कुणाची कल्पना?"

"सुषमाबाईंची. काय सुचतं ना त्यांना—"

झालं! "मंजूर नकाशात बदल होणार नाही," स्वप्ना तुटकपणे म्हणाली.

"निदान कारण तरी सांगा."

"तांत्रिक."

तो वाद घालेल असं तिला वाटलं होतं. पण त्याने कागदाची घडी केली आणि बाइकला किक मारली.

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. तांत्रिक कसलं डोंबलाचं? पोटात दुखत होतं तिच्या, आणि भिंत उभी राहणार होती तीस पोरांच्या डोळ्यांपुढे. तो बाईंचा असेल तर असो, पण पोरांनी काय घोडं मारलं होतं?

बुधवारी सकाळी तिने साहेबांना फोन करून बदलाची परवानगी घेतली आणि थेट पाडा गाठला. साइटवरच्या वहीत, जिथे तपासणीला येणारा प्रत्येक जण शेरा लिहितो, तिने लिहिलं, 'खिडकी दीड फुटांवर घ्यावी. काल नकार दिला, त्याला तांत्रिक कारण नव्हते.'

सहज मागची पानं चाळली. तिच्या प्रत्येक शेऱ्याखाली, त्याच तारखेला, देवेशचा शेरा. एका शुक्रवारी तर 'दारांचा रंग पाहिला.' दारं अजून आलीसुद्धा नव्हती!

"आज बुधवार, सर नाहीत यायचे," सुषमाबाई मागून म्हणाल्या. "तुमचे वार सोडून इथं फिरकत नाहीत ते. बोलावू का?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी फोन लावलासुद्धा.

अर्ध्या तासात आशागडहून देवेशची बाइक आली. त्याने वही वाचली.

"तांत्रिक नव्हतं, मग काय होतं?"

"मत्सर," स्वप्ना म्हणाली. तिचे कान तापले होते. "सुषमाबाईंचा. तुम्ही त्यांच्या हातचे ताडगोळे खाता आणि... मला सहन होत नाही."

देवेशने वही मिटली. "त्यांच्या पडवीतून रस्ता दिसतो हो. तुमची स्कूटर वळणावर आली की लगेच कळतं. म्हणून उभा असतो तिथे... आणि बाई त्यावरूनच माझी चेष्टा करतात."

बांधकामावरून लाहू मिस्त्रीने हाक मारली, "ओ मॅडम, खिडकीखालची भिंत दोन फुटांवर गेली! बांधू का तोडू?"

"तोडा!" दोघं एकदमच ओरडली.

विटा खाली पडू लागल्या. देवेश जरा जवळ सरकला.

"मग... पुढची तपासणी शुक्रवारी?"

"रविवारी. डहाणूच्या किनाऱ्यावर."

"तिथे कुठली शाळा?"

"शाळा नाही," स्वप्ना म्हणाली, "आणि सुषमाबाईही नाहीत."