म्हाताऱ्याची वाटी

देवाशपथ सांगते, यात मीठमिरची नाही. माझी आतेबहीण भाग्यलक्ष्मी, तिच्या बाबतीत घडलेलं हे. साल १९९६, बंगळूरच्या बसवनगुडीतलं तिचं माहेर, आणि वेळ भरदुपारची.

पहिल्या बाळंतपणाला ती आली होती. मुलगी झाली, नीलिमा. दूध भरपूर.

त्याच आठवड्यात तिचे अप्पा, म्हणजे वडील मल्लाप्पा, लिलावातून एक भलंमोठं विलायती चित्र घेऊन आले. सागवानी चौकटीवर भाळले होते! चित्रात अंधारकोठडी, साखळदंडातला हाडांचा सापळा झालेला म्हातारा, आणि त्याला अंगावर पाजणारी त्याची लेक. रोममधली जुनी कथा. बापाला उपाशी मारायची शिक्षा झाली, तेव्हा बाळंतीण लेकीने चोरून पाजून त्याला जगवलं.

"लेक असावी तर अशी," अप्पा म्हणाले. "पण चारचौघांत लावायचं कसं?"

मग पाट्या रंगवणाऱ्या गुरुराजकडून त्यांनी बाईच्या छातीवर हिरवागार पदर काढून घेतला.

म्हाताऱ्याचं तोंड पदरावर टेकलेलं राहिलं. कोरडंच.

दुसऱ्या दिवशी भाग्यलक्ष्मीचं दूध आटलं.

एक थेंब नाही. शतावरी झाली, अळिवाची खीर झाली, डॉक्टर झाले. वरचं दूध पोर ओकून टाकायची. वाळत चालली बिचारी.

एका दुपारी हॉलमधून आवाज आला...

घट्. घट्. घट्.

हॉलमध्ये कुणीच नव्हतं. पण चित्रातल्या म्हाताऱ्याचे गाल... भरले होते.

"अय्यो! अप्पा, माझ्या लेकराच्या तोंडचं हा पितोय! पुसा तो पदर!"

अप्पांनी टर्पेंटाइनने पुसला. पदराबरोबर बाईही निघून आली. खाली नुसतं कापड.

म्हाताऱ्याची मान आता आमच्या भाग्यलक्ष्मीकडे वळलेली...

तिने दुधाची वाटी चित्रासमोर ठेवली आणि हात जोडले. "तुम्हालाही अप्पाच म्हणते. हे घ्या, पण माझ्या बाळाचं सोडा हो."

वाटी रिकामी झाली. संध्याकाळी तिला पान्हा फुटला. पोरीला छातीशी धरून ती हमसून हमसून रडली.

तेव्हापासून रोज वाटी. ती सासरी नांदायला गेलीच नाही, नवराच इथे आला. चित्र हलवायची कुणाची छाती नव्हती.

गेल्या महिन्यात नीलिमाचं पहिलं बाळंतपण निघालं. मी भाग्यलक्ष्मीला म्हटलं, "तिला त्या घरात आणू नकोस गं बाई."

"पहिलं माहेरीच असतं, अक्का. आणि एवढ्या वर्षांत त्यांनी कधी त्रास दिलाय का?"

परवा दुपारी भाग्यलक्ष्मीचा फोन आला.

"अक्का... आजची वाटी भरलेलीच आहे."

मागे नीलिमाचं बाळ रडत होतं. थांबतच नव्हतं.