चावी ठमाबाईकडे

पोलादपूर स्टँडबाहेर कुडपणची जीप उभी होती. ती भरल्याशिवाय हलत नाही, हे ज्यांना ठाऊक, ते समोरच्या टपरीवर चहा पीत होते. आत चढून बसली होती दोघंच. एक श्रुतिका, कारण ती नवखी होती. आणि दुसरा तो, कारण ती आत बसली होती.

"कुडपणला कुणाकडं?" त्यानं विचारलं.

"कुणाकडे नाही. गावाची माहिती घ्यायची आहे."

श्रुतिका नाते गावची, नोकरी महाडला. घरं-जमिनी विकणाऱ्या एका वेबसाइटचं ऑफिस हायवेला लागून उघडलं होतं. तिथल्या शर्मिला मॅडमचा हिशोब साधा होता. घराचे फोटो सगळेच टाकतात, आपण गाव टाकायचं. पाणी कुठलं, डॉक्टर किती लांब, एसटी येते की नुसती येते म्हणतात, जत्रा कधी, शेजार कसा. गिऱ्हाईक गाव वाचायला येईल आणि घर बघून जाईल. ती गावं लिहायचं काम श्रुतिकाकडे.

"मोबाइलला रेंज आहे का हो तिकडे?"

"हाय की. देवळामागच्या कातळावर. उभं राहून बोलायचं… बसलं की जाते."

तिनं ते लिहून घेतलं.

"हे पण लिहिता?"

"सगळंच लिहिते."

"मग हेही लिहा. रितेश नावाचा एक मुलगा, मुंबईत लिफ्ट दुरुस्त करतो, लग्न झालेलं नाय."

"हे गावाच्या माहितीत बसत नाही."

"का नाय बसत? घर घेताना शेजार विचारतात ना?"

ती हसली नाही. पेनाचं टोपण मात्र दातात धरलं, आणि ते न हसण्यासाठीच होतं. माणूस दिसला की त्याची जमा-खर्चाची बाजू मांडून टाकायची तिची जुनी खोड. जमेला धरले डोळे, कारण ते आधी हसत होते आणि ओठ मागून. खर्चाला तोंड. फार चालत होतं.

घाट चढताना तो सांगत राहिला आणि ती लिहीत राहिली. वर पोचल्यावर तो ठमाबाईच्या घराकडे वळला. ठमाबाई त्याची चुलत आजी. तिचा नवा चष्मा पोचवायलाच तो एका रात्रीपुरता आला होता.

श्रुतिका एकटीच गाव फिरली. वरच्या अंगाला एक कौलारू घर दिसलं. समोर अख्खी दरी, दारावर भलंमोठं कुलूप. तिनं चार बाजूंनी फोटो काढले. अंगण नुकतंच सारवलेलं होतं, तुळशीपुढची पणती तेलानं ओली होती… पण हे फोटोत आलं नाही. तिच्याही ध्यानात आलं नाही.

परतीची जीप सुटताना रितेश धावत आला. "नंबर देऊन ठेवा. काय राहिलं असेल तर विचारायला."

"विचारायचं मला आहे. नंबर तुम्ही द्या."

"तेच म्हणतो मी!"

मग महिनाभर काहीतरी राहून गेलेलंच असायचं. काजूला मोहर कधी येतो? नाचणी कोण दळतं? सकाळचं धुकं किती वेळ टिकतं? शेवटच्याचं उत्तर आलं, 'माणूस बरोबर असंल तर लवकर जातं.' आता अशी माहिती कुठल्या रकान्यात घालायची? श्रुतिकानं ती घातली नाही, पण पुसलीही नाही.

वेबसाइटवर कुडपणचं पान झळकलं. शर्मिला मॅडम खूश झाल्या. आणि आठवड्याभरात रितेशचा मेसेज आला. त्यात त्या कौलारू घराचा फोटो होता. तिनंच काढलेला, तिनंच मजकूर लिहिलेला. 'बंद घर. निवांत. मालक मुंबईस. विचारणा करा.'

खाली त्याची एकच ओळ होती. 'हे आमचं घर हाय.'

तिनं लगेच फोन लावला.

"तुम्ही… तू सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठं? मोहर विचारलास, नाचणी विचारलीस. कुलूप बघितलंस नि स्वतःच ठरवलंस." आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं. "अरविंदकाकाला पार्टी मिळाली. पुण्याची. काका म्हणतो, एवढं समोरून आलंय तर देऊन टाकू."

"तू नाही म्हण ना."

"घर त्याच्या नावावर हाय. माझं तिथं नुसतं लहानपण."

श्रुतिकानं त्याच संध्याकाळी फोटो काढून टाकला. पण बाण सुटून गेला होता. पार्टी घर बघायला येणार होती ती नेमकी शिमग्यात, पालखीच्या दिवशी. आणि दाखवायला पाठवलं श्रुतिकालाच.

"हा आपला पहिला व्यवहार," शर्मिला मॅडम म्हणाल्या. "हा झाला तर पोलादपूरचं ऑफिस तुझं. हसऱ्या चेहऱ्यानं जा गं बाई."

ती गेली. चेहरा मात्र जमला नाही.

कुडपण ओळखू येईना. जवळपास सगळी दारं उघडी. मुंबईकर पोरं, लुगड्यातल्या बाया, ढोल, सनई, गुलाल. ज्या घरांपुढे तिनं 'बंद' लिहिलं होतं, त्यांच्या ओटीवर माणसं मावत नव्हती. पुण्याचे गृहस्थ कानावर हात धरून तिच्या मागून चालत होते. "हे रोज नसतं ना?" त्यांनी दोनदा विचारलं.

कौलारू घराच्या अंगणात रितेश उभा होता. गुलालानं अर्धा लाल. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग गृहस्थांकडे, आणि पायरीवरून बाजूला झाला. वाट करून दिली. तो भांडला असता तर बरं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात ठमाबाईनं कंबरेची चावी काढून कुलूप उघडलं. आत देवापुढं दिवा तेवत होता, चूल सारवलेली होती.

"आजी, हे घर तर बंद आहे ना?" श्रुतिकानं हळूच विचारलं.

नवा चष्मा तिच्यावर रोखला गेला. "कुलूप घातलं म्हंजे घर बंद झालं काय गो? चावी माज्याकडं हाय. रोज सांजच्याला दिवा लावते मी. त्यांचा माणूस मुंबयला, माजा पोरगा सुरतेला. माजं घर पुडं कोण बघणार? हेच."

"अच्छा," गृहस्थ म्हणाले. "व्यवहार झाला की चावी आम्हाला लागेल. आणि इथे सगळीकडून भिंत घालू, वर गेट. या मिरवणुकीचा रस्ता बदलता येईल ना?"

प्रश्न श्रुतिकाला होता. गावाची माहिती तिच्याकडे होती. 'बघू, बोलून घेऊ' एवढं म्हटलं की पोलादपूरचं ऑफिस तिचं. रितेश ऐकत होता. तो दुसरीकडे बघत होता, म्हणजे नक्कीच ऐकत होता.

"नाही," ती म्हणाली. "पालखी प्रत्येक दारात येते. या अंगणातही येणार, घर कुणाचंही असलं तरी. दार उघडं ठेवावं लागेल, आल्यागेल्याला पाणी विचारावं लागेल. चावी शेजारी ठेवावी लागेल आणि शेजारच्यांची सांभाळावी लागेल. हे मी पानावर लिहायला हवं होतं, साहेब. मी नुसतं 'निवांत' लिहिलं. माझी चूक झाली."

"मग आमच्या काय कामाचं?"

"तेच सांगतेय."

इतक्यात अंगणाच्या तोंडाशी थांबलेली पालखी आत शिरली. पुढच्या खांद्याला अरविंदकाका. ढोल चढला, पालखी नाचायला लागली. खाली, वर, गोल. काका वय विसरले, गुडघा विसरले, पार्टीही विसरले. स्वतःच्या अंगणात ते असे नाचले की ठमाबाईलाच ओरडावं लागलं, "अरविंदा, पडशील रे!"

पालखी टेकली. ठमाबाईनं ओटी भरली. काका धापा टाकत पायरीवर बसले आणि गृहस्थ पुढे झाले. "काय मग, ठरवू या?"

काकांनी गुलालाच्या हातांनी तोंड पुसलं, ते आणखी लाल झालं. "साहेब, तुमचं बोलणं ऐकू येत होतं मला पालखीखालनं. तुम्ही भिंत घालणार. मग पुढल्या शिमग्याला मी नाचू कुठं?"

गृहस्थ जीपकडे गेले. श्रुतिका पायरीवरच टेकली. नोकरीचं काय होणार, याचा विचार करायला तिला जरा बसायला हवं होतं.

"आता तुझ्या मॅडम ओरडतील," रितेश शेजारी येऊन बसला.

"ओरडू देत. नवीन पान लिहून दाखवते. पालखी, चावी, दिवा, सगळं घालून. ज्याला हे वाचून यावंसं वाटेल तोच येऊ दे."

"आणि कुणीच नाय आलं तर?"

"एक तर आलंय." तोंडून निघून गेलं. ती अंगणातल्या गुलालाकडे बघत बसली… जणू तो मोजायचा होता.

मॅडम ओरडल्या. दोन दिवस ओरडल्या. मग नवं पान दोनदा वाचून म्हणाल्या, "पोलादपूरचं ऑफिस राहू दे तूर्त. पण दासगावही असंच लिही. पुराचं पाणी कुठवर चढतं, तेसुद्धा."

शिमगा आटोपला आणि गाव मुंबईला निघालं. रितेशची एसटी महाडला हायवेवर थांबली, तेव्हा श्रुतिका समोरच ऑफिसच्या पायरीवर उभी होती. सहज. गेला तासभर सहजच.

तो खाली उतरला आणि तिच्या हातात चावी ठेवली. जड, लोखंडी, तेलाचा वास असलेली.

"ही तर ठमाबाईकडे असते!"

"तिच्याकडं दुसरी हाय. दिवा तीच लावणार. ही तिनंच दिली. म्हणाली, मुंबयवरनं येताना महाड आधी लागतं, मग पोलादपूर. पोराला वाटेत थांबायला कारण लागतं, तर देऊन टाक तिला."

"असं त्या म्हणाल्या?"

"कारणाचं… मी म्हणालो." पहिल्यांदाच त्याचं तोंड अडखळलं. खर्चाच्या बाजूला आता काही उरलं नाही. "आमच्यात चावी कुणालाही देत नायत, श्रुतिका."

कंडक्टरनं घंटी मारली.

"ठाऊक आहे," तिनं चावी मुठीत मिटली. "मी लिहिलंय पानावर. ज्याच्याकडे चावी, तो घरचाच."

एसटी सुटली. खिडकीतून हात हलत राहिला. तिनं ओढणीच्या टोकाला चावी बांधली, ठमाबाईसारखी घट्ट गाठ मारून, आणि दासगावची जीप बघायला निघाली. जीप भरायची होती. ती आत चढली नाही. समोरच्या टपरीवर गेली आणि चहा सांगितला.