वाऱ्याचा मणी

चंद्रावरच्या वसाहतीत वारा असा नव्हताच. जो होता तो श्रीनाथ केंकऱ्यांनी लिहिलेला होता. घुमटाखालची हवा कुठून निघेल, कुणाच्या उशाशी किती रेंगाळेल, हे त्यांचं सॉफ्टवेअर ठरवायचं. वीस वर्षं केंकरे ते घासूनपुसून लखलखीत करत होते. झोपलेल्या वसाहतीचा संथ श्वास ऐकला की त्यांना कवी असल्यासारखं वाटे. पण ही कविता दाखवणार कशी?

खंडेनवमीला तर पंचाईतच. वेल्डर टॉर्च पुजत, आचारी झारे. केंकरे कीबोर्डला फूल वाहत, आणि तो कंपनीचा होता.

यंदा पृथ्वीवरून आई आली होती. "धाकट्याने बांधलेल्या पुलावरून मी स्वतः चालले आहे," ती म्हणाली. "तुझं नेमकं काय रे?"

म्हणून केंकरे तिला घेऊन प्रयोगशाळेत आले. भौतिकीच्या शर्वरी माट्यांनी तिथे 'घनित्र' उभारलं होतं. त्यात सॉफ्टवेअर घातलं की पातळ राळेतून त्याची घन वस्तू होऊन थाळीत येई. पगारपत्रकवाल्या दामल्यांचं सॉफ्टवेअर पोवळ्याच्या झाडासारखं डेरेदार निघालं होतं. लोक त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढत होते.

केंकऱ्यांचं सॉफ्टवेअर आत गेलं. निळसर उजेड स्वप्नातल्यासारखा तरंगत राहिला आणि विझला. थाळी रिकामी होती.

"यंत्र बिघडलंय," केंकरे म्हणाले.

"नाही हो," माटे म्हणाल्या. "संगणकाला जिथे उगाच हेलपाटा पडतो, तिथे फुकटची उष्णता सुटते. घनित्र नेमक्या त्या जागी राळ गोठवतं. तुमच्यात हेलपाटाच नाही."

"म्हणजे दामल्यांचं झाड..."

"सगळे हेलपाटेच. त्यांना सांगू नका, सणाचा दिवस आहे."

आईने थाळीवरून हात फिरवला. "असू दे हं," ती म्हणाली. केंकरे गणितात नापास झाले होते, तेव्हाही ती याच सुरात म्हणाली होती.

केंकरे कीबोर्डपाशी बसले. चालू सॉफ्टवेअरमध्येच एक आज्ञा त्यांनी वाढवली: घुमटाला एक फेरी मार आणि काही न करता परत ये. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी असलं काही लिहिलं.

घनित्र पुन्हा उजळलं आणि थाळीत रिठ्याएवढा निळा मणी उमटला. त्याच क्षणी, एका श्वासापुरता, वारा थांबला. पताका लोंबल्या. अख्ख्या वसाहतीने मान वर करून पाहिलं. केंकऱ्यांनी घाईघाईने आज्ञा पुसली आणि वारा पुन्हा वाहू लागला.

"आत्ता काय थांबलं होतं रे?" आईने विचारलं.

"मी," केंकरे म्हणाले.

संध्याकाळी प्रशासक शाल-श्रीफळ घेऊन हजर. "बंद पडलेला वारा तुम्ही क्षणात सुरू केलात," ते भारावून म्हणाले. "या कामावर कुणी माणूस आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं."

सत्कार चालू असताना आई शेजारच्या बाईंना मणी दाखवत होती. "वारा आहे हा. आमच्या श्रीनाथने केलाय."

बाईंनी तो तळहातावर घेतला. केंकऱ्यांची ती वीस वर्षांतली एकुलती एक चूक. अजून कोमट होती.

"सुरेख झालाय हो," बाई म्हणाल्या, आणि शालीच्या आत केंकऱ्यांची छाती नकळत फुगली.