हजेरी क्रमांक वीस

मंगळवार पेठेतल्या आमच्या कला महाविद्यालयाचा लौकिक एका शब्दात सांगता येतो: शांत. मारामारी नाही, मोर्चा नाही, विद्यार्थीही फारसे नाहीत. दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही की मुलं आमच्याकडे शिकायला येतात आणि दुसरीकडे नोकरी मिळाली नाही की शिकवायला. मी तत्त्वज्ञान शिकवतो. एकवीस वर्षं झाली.

गेल्या जूनमध्ये पत्र आलं. तिसऱ्या वर्षाला वीस विद्यार्थी नसतील तर विभाग बंद, शिक्षक अतिरिक्त. माझ्याकडे एकोणीस होते. एकावन्नाव्या वर्षी अतिरिक्त होऊन मी कुठं जाणार? मिसळीची गाडीही काढता येत नाही, मला तिखट सोसत नाही.

म्हणून विसावी मी लिहिली. नाव वल्लरी. वडील आकाराम, गाव बिद्री. जरा लांबचं गाव घेतलं, म्हणजे कुणी विचारलंच तर एसटी चुकली म्हणता येतं. आमच्यात याला कुणी खोटेपणा म्हणत नाही, पट राखणं म्हणतात. रोज तिच्यापुढे 'पी' मांडायचो. वर्गात तिच्याइतकं नियमित दुसरं कुणी नव्हतं.

हजेरी मी नंबरानं घेतो, आणि एकोणीसला थांबतो. ऑगस्टमध्ये एकदा नादात पुढं गेलो. "वीस."

"येस सर." मागच्या बाकावरून.

मी मान वर केली नाही. दुसऱ्यांची हजेरी लावण्यात सौमित्रचा हात कुणी धरत नाही. "सौमित्र, गप्प बस."

"सर, मी न्हाय की!" तो पहिल्या बाकावर बसला होता.

डिसेंबरमध्ये तपासणी समितीसाठी विद्यार्थ्यांचे अभिप्राय गोळा केले. एकोणीस फॉर्मांवर 'सर्व काही चांगले आहे', एकमेकांचं बघून. विसाव्यावर जांभळ्या शाईत लिहिलं होतं: 'खिडकीजवळचा पंखा टकटक करतो. सर आत्म्याबद्दल शिकवताना घड्याळ बघतात. मला कॉलेज फार आवडते. सर माझी हजेरी लावतात, पण माझ्याकडे बघत नाहीत.'

मी शिपाई सिकंदरमामांना गाठलं. "हा फॉर्म कुणी दिला?"

"बिद्रीच्या पोरीनं की. रोज माझ्याकडनं बाटली भरून घेती. लई गुणाची हाय."

"तुम्ही बघितलंय तिला?"

"म्हंजे? तुमच्याच वर्गात असती न्हवं?"

त्या दुपारी मी मागच्या बाकापर्यंत चालत गेलो. बाक रिकामा होता. फळीवर बाटलीच्या बुडाचं ओलं वर्तुळ होतं.

जानेवारीत समिती आली, जेवली, मुलांशी बोलली. निघताना अध्यक्षांनी माझा हात हातात घेतला. "तुमची ती बिद्रीची मुलगी! असा एक विद्यार्थी असला तरी कॉलेज जगतं." श्रेणी वाढली. प्राचार्यांनी पेढे वाटले. माझा पेढा दिवसभर टेबलावर तसाच होता.

काम झालं होतं आणि मला भीती वाटत होती. सोमवारी तिच्यापुढे पहिल्यांदा 'ए' मांडला. मंगळवारी 'ए'. बुधवारी 'ए'.

गुरुवारी अकराच्या सुमारास एक माणूस स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. डोक्याला टोपी, हातातल्या पिशवीत डबा.

"मी आकाराम. वल्लरीचा बाप."

"बसा पावणं," सिकंदरमामा म्हणाले. तो बसला नाही.

"सोमवारी सकाळच्या एसटीनं आलती, सर. घरी आली न्हाय. हितंच आसंल म्हणून आईनं डबा दिलाय. तुमच्या वहीत बघा की, आलती का न्हाय."

अशी मुलगीच नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं. मग त्याच्याकडे बघितलं. मी त्याला फक्त नाव दिलं होतं. नखांतली माती, दाढीचे पांढरे खुंट, हे मी दिलं नव्हतं.

पट उघडला. त्याचं बोट तीन 'ए'पाशी थांबलं.

"हे काय लिवलंय?"

"गैरहजर."

"कुणी लिवलं?"

मी पट माझ्याकडे ओढला.

"खोडा की, सर." त्यानं हात जोडले. "पाया पडतो तुमच्या. खोडा."

मी खोडलं. तीन 'पी' केले. गुरुवारचाही मांडला.

त्याचा फोन वाजला.

"व्हय... आली? कवा?... आदी जेवाय घाल तिला."

डबा माझ्यापुढे ठेवून तो निघून गेला. भाकरी अजून गरम होती.

तेव्हापासून मी रजा घेतलेली नाही. रविवारचे, सुट्ट्यांचेही रकाने पट्टीनं आखून घेतले, त्यांतही 'पी' मांडतो. मार्चमध्ये तापानं फणफणलो, तेव्हा घरीच दुसऱ्या वहीत 'पी' मांडून बघितला. संध्याकाळी आकारामचा फोन आला: "सर, एसटी आली. ती न्हाय." बायको नको म्हणत असताना रिक्षा करून कॉलेजात गेलो आणि पटावर मांडला. कॉलेजनं मला आदर्श शिक्षकाचं प्रमाणपत्र दिलंय.

परीक्षा झाल्या. सौमित्र आणि बाकीचे अठरा गेले. आमचा लौकिक एवढा वाढला, तरी पुढच्या वर्षासाठी तत्त्वज्ञानाला एकही अर्ज नाही. विभाग बंद होतोय. एक मेपासून पट नाही.

आज तीस एप्रिल.

आकाराम सकाळपासून वर्गाबाहेर बसलाय. मघाशी त्यानं विचारलं, ते इथं प्रत्येक बाप विचारतो. एकवीस वर्षं मी ते हसून टाळत आलोय.

"सर, बी. ए. झाल्यावर पुढं काय करायचं तिनं?"

पटावर शेवटचा रकाना उरलाय. मी पेन उघडून बसलोय.

मागच्या बाकावर कुणीतरी बाटलीचं झाकण लावतंय.