अनंतरावांची नात, वय बावीस

लिफ्टमध्ये तो फोनवर मराठीत बोलत होता. दोह्यातल्या अल सद्द भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आपलं बोलणं कुणाला कळणार नाही, असं धरून चालला असावा.

"आजोबांना सांगू कसं? त्यांच्या नातीवर आधीच दुसऱ्या कुणी हक्क सांगितलाय..."

त्याने सहाव्या मजल्याचं बटण दाबलेलं होतं. त्या मजल्यावर आजोबा एकच — माझे!

"कुणाच्या नातीवर?" मी विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "तुम्ही... मराठी?"

"मराठी, आणि अनंतरावांची नात. लोकांच्या नातींबद्दल असं लिफ्टमध्ये बोलता?"

"चुकलं माझं." सरळ, कसलीही सबब न देता. मला आणखीच राग आला — भांडायला जागाच ठेवली नाही!

हा शौनक, आजोबांचा नवा टॅक्सवाला. कतारमध्ये पगारावर टॅक्स नाही. पण आजोबा आणि मी अमेरिकेचे नागरिक, त्यामुळे कुठेही राहिलो तरी तिकडचा फॉर्म चुकत नाही. आजोबांनी अवलंबितांच्या रकान्यात माझं नाव लिहिलं होतं, आणि फॉर्म परत आला होता. माझं नाव आधीच दुसऱ्या कुणाच्या फॉर्मवर लागलेलं होतं.

"कुणाच्या, ते तिकडचं टॅक्स खातं सांगत नाही," आमच्या घरी बसून शौनक म्हणाला. "पण नाव लावायला यांचा सोशल सिक्युरिटी नंबर माहीत असावा लागतो."

आजोबांनी चष्मा काढला. "गिरीश."

गिरीश म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर वर्षभरात त्यांनी ह्यूस्टनमध्ये नवा संसार मांडला आणि नऊ वर्षांच्या मला आईच्या वडिलांकडे दोह्याला धाडून दिलं. तेरा वर्षांत वाढदिवसाचे फोन आले... दोन.

"आणि मुळात मी अवलंबित कशी?" माझा आवाज चढला. "कमावते मी! लुसैलच्या स्टेडियममध्ये फुटबॉल वर्ल्डकपच्या पाट्या लावतेय!"

"फॉर्म गेल्या वर्षाचा आहे. तेव्हा तुम्ही शिकत होतात. पुढच्या वर्षी तुमचा स्वतःचा फॉर्म."

"जाऊ दे, बाळा," आजोबा पुटपुटले. "बाप आहे तो."

"जाऊ दे? डबे तुम्ही भरले, तापात तुम्ही जागलात, आणि नाव त्यांनी लावायचं?"

शौनक हळूच म्हणाला, "तुम्ही वर्षभर कुणाच्या घरी राहिलात, ते आधी बघतात. पुरावा दिला की झालं."

मी कपाटातले कागद आणून त्याच्यापुढे आदळले.

"फक्त गेल्या वर्षाचे लागतील."

"सगळे न्या. तेरा वर्षांचे!"

त्याने खरंच सगळे नेले. आणि... वाचले. नंतर काही ना काही विचारायला तो दर दोन दिवसांनी यायला लागला. वेलचीचा वास सुटलेल्या करक चहाचे कप समोर ठेवून आम्ही कागद लावत बसायचो.

"चौथीत एका मुलाच्या डब्यात वाळू घातलीत?" एकदा त्याने शाळेची चिठ्ठी वर धरली.

"त्याने विचारलं होतं, तुझे आईबाबा कुठे हरवले."

त्याने चिठ्ठी खाली ठेवली. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "मग कमीच घातलीत."

मी हसले. तो बघतच राहिला... आणि मी उगाचच एक कागद उलटा लावला.

त्याच आठवड्यात मी ह्यूस्टनला फोन लावला.

"अगं, टॅक्सवाल्याने टाकलं असेल," वडील म्हणाले. "कॉलेजच्या मुलांवर सूट मिळते. आणि कागदावर तर मीच बाप ना तुझा?"

"कागदावरच," मी म्हटलं. "तिथून काढा माझं नाव. नाहीतर तेरा वर्षांचे कागद मी टॅक्स खात्याला पाठवते."

चार दिवसांनी मेसेज आला — 'दुरुस्त करून पाठवलंय.' सॉरी नव्हतं. आजोबांनी तो दोनदा वाचला आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिले.

गुरुवारी शौनक थेट लुसैलला आला. मी हेल्मेट घालून, घामाने निथळत, गेटवरची पाटी सरळ करून घेत होते. समुद्रावरून गरम वारा येत होता.

"फॉर्म गेला. आजोबांच्या नावाने. हे तुमचे कागद."

"घरी देता आले असते."

"घरी आजोबा असतात."

"मग?"

"मग... बोलता येत नाही." त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुमची फाइल आता माझ्याकडे नाही. आमच्या ऑफिसातल्या नीता मॅडमना दिली. म्हटलं, या क्लायंटबद्दल मला जे वाटतं... ते वाटत असताना तिची फाइल मी ठेवू नये."

"मला न विचारता दिलीत? माझी फाइल? माझ्याबद्दल सगळे परस्परच ठरवतात!"

"म्हणून तर विचारायला आलोय." त्याने श्वास घेतला. "ईश्वरी, मला तू आवडतेस. तुला मी...?"

तू! पहिल्यांदाच.

"आवडतोस!" मी ओरडलेच. शिडीवरचे दोघे नेपाळी कामगार पाटी सोडून खाली बघायला लागले. "पण हे आधी मला सांगायचं होतंस, आणि मग नीता मॅडमना!"